निजलेली विहीर

वाडी, मंद्रूपजवळ
२८ जानेवारी २०२४

दादा,

फोन केला की तू "हां, बोल" म्हणतोस आणि मग गप्प बसतोस. मागून चाकणच्या गाड्यांचे आवाज येत राहतात. ते ऐकत बसायचा मला कंटाळा आला, म्हणून हे पत्र. तुझा पत्ता नागप्पाकाकांच्या घरून मिळाला. चुलत्याकडं तुझा पत्ता आहे आणि सख्ख्या बापाकडं नाही, असं आपलं चाललंय.

मी बरी आहे. म्हणजे कुठं दुखत नाही. सकाळी अंगणवाडी उघडते, पोरांना गाणी म्हणायला लावते, खिचडी वाढते, दुपारी घरी येऊन आबांना भाकरी टाकते. जेवणात मीठ कमी पडलं तरी मला कळत नाही, आबा सांगतात तेव्हा कळतं. आमची मदतनीस गोजाबाई परवा म्हणाली, "बाई, तुमी हितं असता पन नसता की." मी म्हटलं, पगार असल्याचाच मिळतो ना, मग झालं.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. सोलापूरहून भूजलाचे साहेब आले होते. तरुण होते, आणि सरकारी माणसाच्या मानानं सावकाश बोलत होते. त्यांनी पाण्याचा कायदा समजावून सांगितला. जमिनीखालचं पाणी ज्याच्या रानात त्याच्या एकट्याचं, असं आता चालणार नाही. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत दुसऱ्या कामासाठी नवी बोअर मारायची नाही. विहिरींची नोंद करायची, उसाला मोकाट पाणी सोडायचं नाही, ठिबक करायचं. खरं सांगायचं तर मला सगळं पटलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाची पिण्याच्या पाण्याची मुख्य विहीर कोणती? तिच्याभोवती हद्द आखायची आहे."

आपल्या गावाला काहीही विचारलं तरी पहिलं नाव देवाचं. वर्गणी असो, लग्नाची पत्रिका असो, जत्रेतल्या कुस्त्या असोत, आधी बिरदेव आणि मग माणसं. आबा पुजारी, तेव्हा बोलायचा मान त्यांचा. ते उठले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "बिरदेवाची विहीर." त्यांना पुढं शाळेची विहीर सांगायची होती, याची मला खात्री आहे. दम घ्यायला थांबले तेवढ्यात सगळ्यांनी "व्हय, व्हय" केलं आणि साहेबांनी लिहून घेतलं.

"पाणी बारा महिने असतं ना?" साहेबांनी विचारलं.

आता सांग, कोण काय बोलणार? बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तसं देवाच्या विहिरीला आटली म्हणत नाहीत. निजली म्हणायचं. आपण जन्मल्यापासून ती निजलेलीच आहे. सरपंच कल्लप्पाअण्णा हात जोडून म्हणाले, "देवानं पानी राखून ठिवलंया, साहेब." साहेबांना फार आनंद झाला. म्हणाले, पाणी राखून ठेवणारं गाव, कायद्याला हेच तर हवंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.

रुपाली


११ फेब्रुवारी २०२४

दादा,

परवा अमावस्या होती. मी घागर नेली.

ही प्रथा तुझ्या ध्यानात असेलच, तरी लिहिते, कारण आता ती मी करते आणि करताना बोलायला कोणी नसतं. शाळेच्या विहिरीतून घागर भरायची, डोक्यावर घेऊन सगळं गाव ओलांडायचं, माळावर देवाच्या विहिरीपाशी चप्पल काढायची आणि पायऱ्या उतरून अगदी तळाला जाऊन ओतायची. वरून फेकायची नाही, देवाला पाणी फेकून देत नाहीत. पुजाऱ्याच्या घरच्या बाईनं महिन्याला एक घागर घातली की विहीर कोरडी आहे असं म्हणायला कुणाला जागा राहत नाही. आजीनं घातली, आईनं घातली. तळाची माती ते पाणी लगेच पिऊन टाकते. मी वर येऊन खाली बघते तर ओलही दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी आई त्याच पायऱ्यांवर पडली. तिला वर तूच आणलंस. तिच्या हातातली चेपलेली घागर मी सोडवून घेतली. आठवडाभर सोलापूरच्या दवाखान्यात होती आणि मग गेली. तिच्या दहाव्याला तू सगळ्या भावकीसमोर म्हणालास, "आटल्या हिरीपायी माजी आई मेली." सगळे आबांकडं बघायला लागले. आबा म्हणाले, "हा माजा न्हाय." तू पिशवी उचललीस आणि स्टँडवर गेलास. मी तेव्हा पंगतीत भात वाढत होते. पुढच्या माणसालाही वाढला आणि त्याच्या पुढच्यालाही.

मला तुझा राग आहे का, असं मी घागर घेऊन जाताना स्वतःला विचारलं. आहे. तू बोललास आणि एसटीत बसलास. पुढच्या अमावस्येला घागर माझ्या डोक्यावर आली. तू त्या विहिरीबद्दल जे बोललास त्यातला शब्द न् शब्द खरा होता, पण खरं बोलून तू चाकणला गेलास आणि मी पायऱ्या उतरते आहे. हा राग फार मोठा नाही. नुसता असतो, घरात चूल असते तसा.

आता कायद्याचं. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. देवाच्या विहिरीभोवती हद्द आखली आहे. त्या हद्दीत आहे काय? माळ, कुसळं आणि आपली मेंढरं. तिथं बोअर मारायला कोण जाणार? आणि शाळेची विहीर, जिच्यावर सगळं गाव पितं, ती यादीत "शाळेच्या वापराची" म्हणून आहे. तिच्या कुंपणाला लागून शिवयोगीची द्राक्षबाग. यादी वाचली आणि त्यानं बोअरच्या गाडीवाल्याला फोन लावला. खोल मारणार म्हणतो. मी त्याला रस्त्यात गाठलं.

तो म्हणाला, "बाई, मी चोरून काय करत न्हाय. कायद्यात बसतंय म्हणून मारतोय. बाग वाळाया लागलीया, दिसतंय की तुमाला."

"गावाची विहीर वाळंल त्याचं?"

"गावाची हीर तर देवाची हाय म्हणून तुमच्याच आबांनी सांगितलं. मी हुतो की तितं."

तो खोटं काहीच बोलला नाही. वाईट माणूस असता तर भांडायला बरं पडलं असतं. यादी पक्की होईपर्यंत थांबतो म्हणाला, तेवढी रीत त्यानं पाळली. साहेब बारा मार्चला हरकती ऐकायला शाळेत येणार आहेत. कोणी हरकत घेतली नाही तर यादी पक्की.

रुपाली


३ मार्च २०२४

दादा,

शाळेच्या विहिरीचा तळ वरून दिसायला लागला. मोटर थोडा वेळ चालते आणि मग हवा ओढते. अंगणवाडीत पोरांना घरून पाण्याची बाटली आणायला सांगितलं, तर निम्मी पोरं रिकामी आणतात आणि इथून भरून घरी नेतात. आयांनीच शिकवलंय. मी बघत नाही असं दाखवते.

कल्लप्पाअण्णा टँकर मागायला तालुक्याला गेले होते. तिथं त्यांना ग्रामसभेचा ठराव दाखवला. बारमाही पाण्याची विहीर आहे असं गावानंच सांगितलंय, मग टँकर कशाला?  अण्णा परत आले ते घरी न जाता देवळात जाऊन बसले. मी तिथं जाऊन म्हटलं, अण्णा, बाराला तुम्ही खरं काय ते सांगा. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "मी देवाचं तोंडी आणत न्हाय. हे पुजाऱ्याचं काम हाय, रुपाली. कोंडीबानं सांगावं."

मग मी साहेबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, बदलता येईल. शाळेची विहीर मुख्य म्हणून घेता येईल, टँकरचाही मार्ग मोकळा होईल. पण ती दुसरी विहीर आटलेली आहे, हे गावातल्या कुणीतरी सुनावणीत सर्वांसमोर सांगायला हवं. मी आपल्या मनानं लिहिलं तर उद्या गावच म्हणेल, साहेबानं आमच्या देवाला खोटं पाडलं." मी म्हटलं, येऊन बघा एकदा. म्हणाले, "बघेन. पण म्हणायला गावानंच पाहिजे." त्यांचंही चूक नाही. या सगळ्यात कुणाचंच चूक नाही आणि पाणी मात्र संपत चाललंय.

आबांशी बोलले. ते घोंगडीचा काठ शिवत बसले होते.

"बाराला साहेब येणार हायेत. तुमी सांगा की."

"काय सांगू?"

"तो शब्द नका म्हणू. पानी न्हाय, एवढंच म्हणा."

"येकच हाय ते." सुई चालूच होती. "बाहत्तरच्या दुष्काळात माज्या बापानं म्हटलं न्हाय. मानसं खडी फोडाया गेली, जनावरं मेली, त्यानं म्हटलं न्हाय. मी म्हणू व्हय?"

"आईसाटी तरी म्हणा."

सुई थांबली. मग परत चालू झाली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शिवयोगीकडं गेले, बोअर मारू नको म्हणून सांगायला. शिवयोगी पाया पडला, चहा पाजला आणि म्हणाला, आबा, कायद्यात बसतंय.

आता तुला का लिहिते आहे ते सांगते. ज्या घरातून तो शब्द निघतो त्या घराकडं देवाची पूजा राहत नाही. तू बोललास त्या दिवशी आबांनी "हा माजा न्हाय" म्हणून पूजा वाचवली. हे तुला तेव्हाच कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला कळायला दोन महिने लागले. त्यांना दुसरं काही येत नाही दादा. पहाटे देवाला भंडारा लावला नाही तर त्यांना दिवस उगवल्यासारखं वाटत नाही. आई गेल्यावर तेवढंच त्यांच्याकडं उरलंय.

पण तू या घरचा नाहीस, हे सगळ्यांसमोर ठरून गेलंय. तू बाराला येऊन ते एक वाक्य बोललास तर आबांची पूजा राहील आणि गावाचं पाणीही राहील. तुझं काही जाणार नाही, जायचं ते गेलेलंच आहे. एक दिवसाची रजा टाक. घरी येऊ नकोस हवं तर. शाळेत ये, बोल आणि परत जा. तुला ते जमतं.

शेवटचं वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

रुपाली


१३ मार्च २०२४

दादा,

तू आला नाहीस. मोडनिंबची गाडी येऊन गेली, सोलापूरची येऊन गेली. मी शाळेच्या फाटकापाशी उभी होते. गोजाबाईनं विचारलं, कुणाची वाट बघताय. मी म्हटलं, कुणाची नाही.

काल काय झालं ते क्रमानं लिहिते.

साहेब आले. वर्गात बाकं सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. सगळं गाव आलं होतं, कारण काहीतरी होणार असं सगळ्यांना वाटत होतं आणि ते दुसऱ्यानं करावं असंही वाटत होतं. आबा पहिल्या रांगेत, भिंतीला टेकून बसले होते. शिवयोगी दाराशी. साहेबांनी यादी वाचली आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

 पंखा फिरत होता. कल्लप्पाअण्णा आपल्या हाताचे तळवे बघत होते. साहेबांनी परत विचारलं आणि माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकलं असतं तर संपलं होतं.

मी उठले. मला भीती वाटत होती का? नाही. काहीच वाटत नव्हतं. अंगणवाडीत हजेरी घेते त्याच आवाजात मी म्हणाले, "बिरदेवाची विहीर आटलेली आहे. माझ्या आजीच्या वेळेपासून आटलेली आहे. त्यात जे पाणी असतं ते आम्हीच घालतो, महिन्याला एक घागर, शाळेच्या विहिरीतलं. गाव शाळेच्या विहिरीचं पाणी पितं."

असं वाटलं होतं की कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. कुठंतरी एक बाई "अगं बाई" म्हणाली तेवढीच. मग एकेक करून सगळी डोकी आबांकडं वळली. नागप्पाकाका, अण्णा, भावकी, सगळे. ते कशाची वाट बघत होते हे मला कळत होतं आणि आबांनाही कळत होतं. तीन शब्द म्हणायचे होते. "ही माजी न्हाय" एवढं म्हटलं की पूजा वाचली. मी मनातल्या मनात ते ऐकूनही घेतलं. पिशवीत काय काय भरायचं याचाही विचार करून झाला.

आबा म्हणाले नाहीत.

ते भिंतीला टेकून बसून राहिले. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना मान्य आहे?" कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. मग दारातून शिवयोगी म्हणाला, "बाई खरं बोलत्यात, साहेब." त्याची बाग तिथंच संपली आणि हे त्याला माहीत होतं. साहेब माळावर जाऊन विहीर बघून आले, फोटो काढले, यादीत बदल केला, पुढच्या गावाला गेले.

तुला म्हणाले आणि मला म्हणाले नाहीत. हे मी तुझ्यापासून लपवून ठेवणार होते. पण दुसरं कोणीतरी तुला सांगेल आणि तुला वाटेल मी मिरवते आहे. मी मिरवत नाही. का म्हणाले नाहीत ते मला कळलेलं नाही. कदाचित भाकऱ्या टाकायला कोणीतरी हवं म्हणून असेल.

रुपाली


२५ मार्च २०२४

दादा,

थोडक्यात लिहिते. टँकर मंजूर झाला. निवडणुकीच्या आचारसंहितेत अडकणार असं अण्णा म्हणत होते, पण आला. शिवयोगीनं गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. अर्धी बाग तोडतोय, अर्ध्या बागेला आच्छादन टाकून आहे त्या बोअरवर जगवणार म्हणतो. रस्त्यात भेटला तर मान हलवतो. शाळेच्या विहिरीची मोटर दिवसाआड चालते.

भावकीची बैठक झाली. पूजा नागप्पाकाकांच्या घरी गेली. आबांनी देवाची घंटा, भंडाऱ्याची पिशवी, सगळं पुसून एका पाटीत भरलं आणि स्वतः नेऊन दिलं. काका म्हणाले, "कोंडीबा, आमचा विलाज न्हाय." आबा म्हणाले, "तुजं काय चुकलंय." आणि परत आले.

माझ्याशी ते बोलत नाहीत. भाकरी हवी असली तर शेळीला सांगतात. "वाढा म्हणावं." मी वाढते. एकदा मी पण शेळीलाच विचारलं, कालवण हवंय का म्हणून. त्यांना हसू येईल असं वाटलं. आलं नाही. पहाटे उठतात, अंघोळ करतात आणि कुठं जायचं नाही हे ध्यानात आल्यावर अंगणात उभे राहतात. मी आतून बघते. काल होळीलाही गेले नाहीत.

मी बरोबर केलं, असं सगळेजण मला एकेकटं गाठून सांगतात. गोजाबाई सांगते, मास्तर सांगतात, अण्णासुद्धा म्हणाले. चारचौघांत कोणी म्हणत नाही. मला त्याचं काही नाही. मी सगळ्यांना बरं म्हणते.

रुपाली


९ एप्रिल २०२४

दादा,

आज पाडवा. गुढी मी उभारली. हे पत्र काल झालेल्या गोष्टीसाठी.

काल अमावस्या होती. तुला वाटलं असेल, शब्द उच्चारून झाला, कायद्यात लिहून झालं, आता घागर बंद झाली असेल. मलाही वाटलं होतं. पण कागदावर विहीर आटली म्हणून देवाची आटत नाही, असं काकांकडं ठरलं. पूजा त्यांच्याकडं गेली तशी घागरही गेली. काकूंचे गुडघे दुखतात. म्हणून नव्या सुनेला पाठवलं. आरोही तिचं नाव, मोडनिंबची, लग्नाला वर्षही झालं नाही. आणि तिला पाचवा महिना आहे.

मी शाळेच्या विहिरीपाशी होते. ती नवी साडी नेसून आली, घागर भरली. विहिरीत टँकरचं पाणी सोडलं होतं, त्यातलीच. मी तिला म्हटलं, "अर्धीच भर, कुणाला कळतंय." ती म्हणाली, "आत्याबाई म्हणल्या काठोकाठ भर." गुणी पोर आहे. मी तिच्या मागं मागं निघाले. आपण मागं का चाललोय हे मला माहीत नव्हतं.

माळावर आबा होते. मेंढरं घेऊन गेले असतील असं मला वाटलं, पण मेंढरं लांब चरत होती आणि आबा विहिरीच्या तोंडाशी, पहिल्या पायरीवर, वाट अडवून उभे होते. काठी आडवी धरली होती. नागप्पाकाका आणि भावकीतले चारपाच जण घंटा घेऊन बाजूला उभे होते. त्यांना वाटलं असेल, म्हातारा एकदा नमस्कार करून जाईल.

आरोही थांबली. डोक्यावर घागर, तिला खाली बघता येईना.

"बाजूला सर, कोंडीबा," काका म्हणाले. "पोरगी अवघडलीया."

आबा तिच्याशी बोलले, काकांशी नाही. "पोरी, घागर उतरव."

"देवाची हाय, मामा."

"हीर आटलीया," आबा म्हणाले. "पन्नास-साठ वर्सं झाली. खाली काय न्हाय. माजी बायकू या पायऱ्यांवर पडली. तू उतरू नगंस. जा घरी, ते पानी पी, न्हाईतर झाडाला घाल."

ती घाबरून रडायलाच लागली. मी पुढं होऊन तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. काका ओरडायला लागले, आबांना देवाची आण घालायला लागले. आबांनी तेच परत सांगितलं, जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. आटलीया. मग काकांच्या हातातली घंटा वाजायची थांबली. कोणीच पुढं आलं नाही. भावकीतला एकजण चपला घालून निघाला, मग दुसरा. मी आरोहीचा हात धरून तिला तिच्या दारापर्यंत सोडलं.

घरी येताना मला काय होतंय ते मला कळेना.  मग कळलं, मला राग आलाय. असा राग मला दोन वर्षांत आला नव्हता. आईसाठी तो शब्द म्हणाले नाहीत. तू मुलगा असून तुझ्यासाठी म्हणाले नाहीत. मी सगळ्या गावासमोर उभी राहिले, तेव्हा माझ्या बाजूनंही म्हणाले नाहीत. आणि नागप्पाकाकांच्या सुनेसाठी म्हणाले.

ते माझ्या मागून आले. मी चूल पेटवत होते. मी वळून तोंडावर विचारलं, "आई उतरत हुती तवा का न्हाय म्हणलात?"

शेळी दारातच होती. ते शेळीकडं वळले नाहीत. "तवा पुजारी हुतो," म्हणाले. आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागले. मोठ्यानं, तोंड न झाकता. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. मला त्यांची कीव आली नाही. मीही तिथंच चुलीपुढं बसून रडले, माझ्या माझ्या रागानं. धूर झाला, चहा करपला. नंतर मी दुसरा टाकला.

कप हातात घेऊन म्हणाले, "आज्याला लिहितीस न्हवं तू, तुज्या दादाला?" त्यांना माहीत होतं तर. मी हो म्हटलं. "त्याला लिही. तो म्हणला त्येच मी म्हणलो, समद्यांदेखत." मी विचारलं, आणखी काय लिहू. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "पुढचं तू लिही. तुला लिहाया येतंय."

त्यांचा निरोप पोचवला. आता माझं ऐक. बाराला तू आला नाहीस हे मी विसरणार नाही, आणि आबा आईसाठी बोलले नाहीत हेही विसरणार नाही. तुम्ही दोघं एकसारखे आहात, त्यामुळं मला तुमच्यातल्या कुणाची बाजू घ्यायची नाही. पण या घरात दोनच माणसं आहेत आणि भांडायला दोघं पुरत नाहीत. रजा काढ आणि ये. आल्यावर भांडू.

रुपाली